आरोग्यसेवकाचें पहिलें शिक्षण

पोलिओच्या मोहिमेचा रविवार होऊन गेला म्हणजे पुढल्या दोन-चार दिवसांत पुष्कळांच्या दाराजवळ, भिंतीवर, खडूनें काढलेलें एक इंग्रजी अक्षर दिसूं लागतें. कोठें ‘पी’ असतें, कोठें ‘एक्स’ असतें. आपण तें पाहतों आणि विसरतों. ‘पी’ ह्याचा अर्थ असा कीं, ह्या घरांतील पांच वर्षांखालील सर्व मुलांस डोस मिळाला. ‘एक्स’ ह्याचा अर्थ, कोणी तरी मूल राहिलें. घर बंद होतें, मूल बाहेरगांवीं गेलें होतें, किंवा घरच्या मंडळींनीं नको म्हटलें.

आतां अशी कल्पना करा कीं, नुकतीच कामावर रुजू झालेली एक बाई भर दुपारीं चौथ्या मजल्यावरील बंद दारापुढें उभी आहे. ‘पी’ काढलें तर तिचें काम संपलें. ‘एक्स’ काढलें तर उद्यां पुन्हां चार जिने चढणें आलें. ती कोणतें अक्षर काढते हें पाहण्यास तेथें कोणी नाहीं. सार्वजनिक आरोग्याच्या कामावर नव्यानें येणाऱ्या मनुष्यास प्रथम काय शिकवावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आणि त्या प्रश्नाचें मर्म ह्या बाईच्या हातांतील खडूंत सांपडतें.

वैद्य आणि आरोग्यसेवक ह्यांच्या कामांत एक मूलभूत भेद आहे. वैद्याकडे दुखणेकरी आपल्या पायांनीं येतो. तो त्रासलेला असतो, आणि कडू औषध घेण्याचीहि त्याची तयारी असते. आरोग्यसेवक ज्यांना कांहींच झालेलें नाहीं अशांच्या घरीं, कोणी न बोलावतां जातो. आणि जो रोग अद्याप आलेला नाहीं त्यासाठीं, हंसत्याखेळत्या मुलाला सुई टोचून घ्या असें सांगतो. त्याचें यश डोळ्यांस दिसत नाहीं, कारण न झालेला रोग कोणास दिसणार? म्हणून त्याचें सारें भांडवल म्हणजे लोकांचा विश्वास. हें भांडवल जमण्यास वर्षें लागतात आणि बुडण्यास एक दिवस पुरतो. नव्या माणसाच्या शिक्षणाचा विचार ह्या दृष्टीनें केला, तर औषधांचीं नांवें पाठ करून घेणें हा त्यांतील सोपा भाग आहे असें दिसून येईल.

पहिला धडा उंबरठ्यावरचा. हा धडा न शिकविल्यास काय होतें, ह्याचा दाखला पुण्याच्या इतिहासांतच आहे. इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत डॉ. व्हीगस यांनीं गांठीच्या प्लेगचा रोगी ओळखला. पुढल्या वर्षाच्या आरंभीं सांथ पुण्यांत पसरली. फेब्रुवारी १८९७ मध्यें सांथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि पुण्यांत प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्या हाताखालीं घरझडतीच्या कामावर गोरे शिपाई नेमण्यांत आले. रोगी वेगळा ठेवावा, घर धुऊन शुद्ध करावें, हा विचार त्या काळच्या ज्ञानाप्रमाणें चुकीचा नव्हता. परंतु ज्यांच्या हातीं तो सोंपविला त्यांस कवाइतीचें शिक्षण होतें. परक्याच्या घरांत कसें शिरावें हें त्यांस कोणीं शिकविलें नव्हतें. स्वयंपाकघर आणि देवघर ह्यांत बुटांसह वावरणें, सामान रस्त्यावर फेकणें, स्त्रियांची अप्रतिष्ठा करणें, अशा तक्रारी सर्वत्र उठल्या. परिणाम असा झाला कीं, लोक रोगी लपवूं लागले. लपविलेल्या रोग्याबरोबर रोगहि घरांतच राहिला. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर जें घडलें तें आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याच पुण्यांत, त्याच सालीं, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि तोच रोग जडून १० मार्च रोजीं त्या निवर्तल्या. त्यांच्यापुढें दार लावून घेण्याचें कोणास कारण नव्हतें.

तेव्हां नव्या सेवकास शिकवावयाचें तें असें. दारांत उभें राहून आपलें नांव, आपण कोणाकडून आलों आणि कशासाठीं आलों, हें प्रथम सांगावें. आंत येऊं का, असें विचारावें. घरांतील वडील माणूस बोलत असतां त्यास मध्येंच तोडूं नये. त्याची शंका कितीहि वेडीवांकडी वाटली तरी ती पुरती ऐकून घ्यावी, कारण न ऐकलेली शंका मनांतून जात नाहीं. रागावूं नये, धमकी देऊं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, एका घरांतील गोष्ट दुसऱ्या घरीं नेऊं नये. क्षयाचा किंवा महारोगाचा संशय असलेला मनुष्य औषधाला भीत नाहीं, तो शेजाऱ्यांच्या जिभेला भितो. ज्या सेविकेच्या पोटांत गोष्ट राहते, तिच्याजवळच लोक खोकल्याची खरी मुदत सांगतात.

दुसरा धडा हाताचा. ह्याचा दाखला पंजाबांतील आहे, परंतु त्याचा मुंबईशीं निकट संबंध आहे. प्लेगवरील लस हाफकिन यांनीं मुंबईस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. तिचा प्रसार वाढत चालला होता. अशांत ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल नांवाच्या खेड्यांत १०७ माणसांस लस टोचण्यांत आली. त्यांपैकीं एकाच बाटलींतून ज्या १९ जणांस ती दिली, ते सर्व धनुर्वातानें मरण पावले. दुसऱ्या बाटल्यांतून ज्यांनीं घेतली त्यांस कांहीं झालें नाहीं. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, आणि हाफकिन यांस आपल्या पदावरून दूर व्हावें लागलें. पुढें पुराव्याची नीट छाननी झाली, तेव्हां असें दिसून आलें कीं, बाटलीचें बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करतांच त्या बाटलीला लावला गेला. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात. हाफकिन निर्दोष ठरले तें १९०७ सालीं. आज मुंबईंतील ती संस्था त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. परंतु ते एकोणीस जीव परत आले नाहींत.

मदतनीस कांहीं दुष्ट नव्हता. दिवसभर माणसांची रांग लागली असतां हातून पडलेली वस्तु उचलून पुढें चालणें, हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. म्हणूनच शिक्षणाची आवश्यकता. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात हें वाक्य परीक्षेंत लिहिणें निराळें, आणि पडलेला चिमटा हातानें आपोआप बाजूस ठेवणें निराळें. दुसरी गोष्ट संवयीनें येते, आणि संवय करवून घेण्यास कोणी तरी शेजारीं उभें राहावें लागतें.

आज लस टोचणाऱ्या परिचारिकेस अशा कित्येक संवयी लावून घ्याव्या लागतात. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस इतक्या थंडाव्यांत ठेवावयाच्या असतात. उष्णतेनें त्या बिघडतात, तशा कांहीं लसी गोठल्यानेंहि निरुपयोगी होतात. म्हणून बर्फ जास्त म्हणजे काळजी जास्त, हा समज नव्या माणसाच्या मनांतून आधीं काढावा लागतो. लसीच्या कुपीवर एक वर्तुळ आणि त्याच्या आंत एक चौकोन छापलेला असतो. चौकोन फिकट आहे तोंवर कुपी चांगली. तो वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला कीं कुपी टाकून द्यावयाची. गोवराच्या लसीची कालवलेली कुपी चार तासांनंतर वापरावयाची नाहीं, मग तींत कितीहि डोस उरलेले असोत. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हां बसवावयाचें नाहीं. टोचल्यावर मुलास अर्धा तास तेथेंच थांबवून घ्यावयाचें. ह्यांतील एकहि नियम समजण्यास कठीण नाहीं. कठीण आहे तें रांगेंतील शेवटच्या मुलापर्यंत तो पाळणें.

ह्याच धड्यास जोडून आणखी एक गोष्ट शिकविली पाहिजे, आणि ती शिकविणाऱ्यानें स्वतः आधीं शिकली पाहिजे. चिमटा पडला, कुपी तापली, डोस चुकला, तर वरिष्ठास तात्काळ सांगावें. जो सांगतो त्यालाच शिक्षा होते, असा अनुभव एकदां आला कीं पुढें कोणी सांगत नाहीं. वर्गांत हें प्रत्येक शिक्षकास ठाऊक असतें: उत्तर चुकलेल्या मुलाची टर उडविली, तर दुसऱ्या दिवशीं हात वर येत नाहींत. वर्गांत त्यानें एका मुलाचें नुकसान होतें. लसीकरणाच्या केंद्रांत त्यापायीं जीव जाऊं शकतात.

तिसरा धडा डोळ्याचा. देवीच्या रोगाचें निर्मूलन हें ह्या धड्याचें सर्वांत मोठें यश होय. १९७३ सालच्या पावसाळ्यानंतर आपल्या देशांत ही मोहीम नव्या रीतीनें सुरू झाली. घरोघर जाऊन देवीचा रोगी शोधावयाचा, आणि सांपडतांच त्याच्या भोंवतालच्या सर्वांस टोंचावयाचें, अशी ती रीत होती. शोधणारे सारेच वैद्य नव्हते. त्यांस पुस्तक दिलें नाहीं. एक चित्र दिलें. देवी आलेल्या मुलाचें तें चित्र दाखवून, असें मूल कोठें पाहिलें काय, एवढेंच विचारावयाचें. कांजिण्या आणि देवी ह्यांतील भेदहि डोळ्यांस दिसेल असाच शिकविला: देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट, तळव्यांवरहि येतात, आणि अंगाच्या एका भागावरील सर्व फोड एकाच अवस्थेंत असतात; कांजिण्यांचे फोड पोटापाठीवर अधिक, आणि त्यांत कांहीं नवे, कांहीं सुकलेले असे एकत्र दिसतात. टोंचण्यासाठीं दोन टोकांची एक सुई निघाली होती. ती लसींत बुडविली कीं दोन टोकांमध्यें नेमका एक थेंब राहतो. मग दंडावर लहान जागेंत पंधरा वेळां टोंचावयाचें. हें काम साध्या मनुष्यास तासाभरांत शिकवितां येत असे. १९७५ च्या मे महिन्यांत भारतांतील शेवटचा रोगी नोंदला गेला, आणि १९८० सालीं सर्व जगांतून हा रोग गेल्याचें जाहीर झालें.

ह्याहून मार्मिक उदाहरण गडचिरोलीचें आहे. लहान मुलांस न्युमोनिया झाला कीं श्वास जलद होतो. दोन महिन्यांच्या आंतील मुलाचे मिनिटास साठ किंवा अधिक, वर्षाच्या आंतील मुलाचे पन्नास किंवा अधिक, आणि पांच वर्षांपर्यंतच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक श्वास झाले तर धोका समजावा, असा नियम आहे. परंतु गांवांतील सुइणींस साठापर्यंत मोजतां येईना, आणि मिनिट दाखविणारें घड्याळहि वाचतां येईना. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं ह्यावर तोड काढली: एक मिनिटाचें वाळूचें घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. दहापर्यंत मोजणें सर्वांस येत होतें. वाळू संपण्यापूर्वीं ठराविक मणी सरकले तर मुलास औषधाची गरज आहे. ह्या युक्तींत अध्यापनशास्त्राचा सारा गाभा आला आहे असें मला वाटतें. शिकणाऱ्यास जें येतें तेथून आरंभ करावा. जें येत नाहीं त्याबद्दल त्याला दोष देत बसूं नये.

ह्याच संस्थेनें पुढें गांवांतील थोड्या शिकलेल्या स्त्रियांस नवजात बालकाची घरींच काळजी घेण्याचें शिक्षण दिलें. वजन करणें, ताप मोजणें, मूल उबेंत ठेवणें, अंगावर पाजण्यास मदत करणें, जंतुसंसर्गाचीं लक्षणें ओळखून उपचार करणें. ३९ गांवांतील ह्या प्रयोगाचें फळ १९९९ सालीं प्रसिद्ध झालें: तिसऱ्या वर्षीं नवजात बालकांचें मृत्युप्रमाण शेंकडा ६२ नीं कमी झालें होतें. २०११ सालापासून देशभर आशा कार्यकर्तीनें प्रसूतीनंतर नवजात बालकाच्या घरीं जावें असें ठरलें. इस्पितळांत जन्मलेल्या मुलासाठीं तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, असे तिच्या भेटीचे सहा दिवस आहेत. प्रसूति घरींच झाली असल्यास पहिल्या दिवसाची भेट आणखी.

चौथा धडा लेखणीचा, आणि येथें खडूच्या त्या अक्षराचा उलगडा होतो. मोहिमेस खरा उपयोग ‘एक्स’चा असतो. ‘पी’ लिहिलेल्या घरीं पुन्हां जाण्याचें कारण उरत नाहीं. ‘एक्स’ लिहिलेल्या घरांची यादी होते, आणि राहिलेलें मूल मिळेपर्यंत तेथें फेऱ्या होतात. भारतांतील वन्य पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्यें हावड्यास नोंदला गेला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं हा देश पोलिओमुक्त असल्याचें प्रमाणपत्र मिळालें. ह्या यशांत खऱ्या ‘एक्स’चा वांटा फार मोठा आहे. बंद दारावर काढलेलें खोटें ‘पी’ राहिलेल्या मुलास यादींतून कायमचें पुसून टाकतें. कारण त्यानंतर त्याचा शोध घेण्यास कोणी येत नाहीं. नव्या सेवकास म्हणूनच सांगितलें पाहिजे कीं, न झालेलें काम न झालें असें लिहिणें हा अपराध नव्हे. आणि जेथें वरिष्ठ केवळ भरलेले रकाने पाहून शाबासकी देतात, तेथें हें सांगणें व्यर्थ आहे, कारण मनुष्य उपदेशावरून शिकत नाहीं, शाबासकीवरून शिकतो.

आतां हे धडे द्यावयाचे कसे? आशा कार्यकर्तीची योजना २००५ सालीं ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर सुरू झाली. २०१३ सालीं शहरी अभियान आलें तेव्हां ती शहरांतील वस्त्यांतहि आली. आशा ही पगारी नोकर नसून तिला मुख्यतः कामाच्या हिशेबानें मोबदला मिळतो. तिच्याबरोबर काम करणारी परिचारिका मात्र दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेली असते. योजनेच्या आरंभीं आशेसाठीं पहिल्या वर्षांत २३ दिवसांचें शिक्षण ठरविलें होतें, आणि तें सलग न देतां पांच टप्प्यांनीं द्यावयाचें होतें. ह्या टप्प्यांतच शहाणपण आहे. तेवीस दिवस एका खोलींत बसवून सर्व कांहीं सांगितलें, तर त्यांतील फार थोडें टिकतें. चार दिवस शिकावें, महिना-दोन महिने घरोघर फिरावें, अडचणी घेऊन परत यावें, आणि मग पुढचा धडा घ्यावा. दुसऱ्या वेळीं येणारी बाई ऐकण्यास येत नाहीं, विचारण्यास येते.

अहमदनगर जिल्ह्यांत, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, जामखेड येथें डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं काम सुरू केलें. त्यांनीं खेड्यांतील ज्या स्त्रियांस आरोग्याचें शिक्षण दिलें त्यांतील कित्येक निरक्षर होत्या. त्या दर आठवड्यास जामखेडास येत, मागला धडा एकमेकींस सांगत, गांवांत काय घडलें तें मांडत, आणि नवें शिकून परत जात. हें वर्ष-दोन वर्षें नव्हे, पुढेंहि चालूं राहिलें. ह्या दांपत्यास १९७९ सालीं मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या यशाचें रहस्य विचाराल, तर त्यांच्या येथें शिक्षण कधीं संपलें नाहीं, असें मी सांगेन.

ह्यावरून, नवीन माणूस नेमल्यावर एक दिवसाचें भाषण, एक जाडें पुस्तक आणि दुसऱ्या दिवशीं हातांत नोंदवही, ही रीत किती घातक आहे हें ध्यानांत येईल. पैसा अपुरा पडला कीं शिक्षणाचे दिवस कमी करण्याचा मोह होतो, कारण ती काटकसर ताबडतोब दिसते आणि तिचें नुकसान मागाहून, तिसऱ्याच कोणाच्या घरीं होतें. निदान पहिले कांहीं आठवडे नव्या सेवकानें अनुभवी सेवकाच्या मागून घरोघर जावें. नंतर तो पुढें आणि अनुभवी मागें असें व्हावें. आणि एकटा जाऊं लागल्यावरहि महिन्यांतून एकदां कोणी तरी त्याच्याबरोबर जाऊन त्याचा हात आणि त्याची वही पाहावी. सुतार, सोनार आणि गवई ह्यांच्या घरीं विद्या अशीच पुढें गेली आहे.

शेवटीं दोन शब्द आपल्याविषयीं. सुशिक्षित घरांचें दार ह्या लोकांस पुष्कळदां सर्वांत उशिरां उघडतें. आमचे डॉक्टर आहेत, आम्हांला गरज नाहीं, असें सांखळी न काढतांच सांगितलें जातें. परंतु आपल्या मुलास डोस मिळाला असल्यास तें सांगण्यास अर्धें मिनिट लागतें, आणि त्या अर्ध्या मिनिटानें तिची वही खरी होते. मूल टोंचून घेतल्यावर परिचारिकेनें चार गोष्टी सांगावयाच्या असतात: कोणती लस दिली व ती कोणत्या रोगावर, कोणता किरकोळ त्रास होईल व त्यास काय करावें, पुन्हां केव्हां यावें, आणि कार्ड जपून ठेवावें. तिनें त्या न सांगितल्यास आपण विचाराव्या. त्यांत तिचा अपमान नाहीं. कुपीवरील चौकोन दाखवा, असेंहि म्हणावें. जी नीट शिकलेली आहे ती आनंदानें दाखवील, आणि जी नीट शिकलेली नाहीं तिला त्या दिवशीं एक धडा मिळेल. आरोग्यसेवकाचें शिक्षण सरकार सुरू करतें, परंतु तें पुरें होतें लोकांच्या दारांत. तेथें तिला बसावयास पाट आणि प्यावयास पाणी मिळालें, तर पुढल्या बंद दारावर ती खरें अक्षर लिहील, अशी आशा धरण्यास जागा आहे.